हातभर अंतरावरची गिटार

गिटार हे मुळात दबक्या आवाजाचे वाद्य. लाकडी पेटी, सहा तारा आणि बोटांचा जोर एवढ्या भांडवलावर तिचा संसार चालतो. शेजारी ट्रंपेट सुरू झाला की ती आहे की नाही तेही कळत नाही. तरीही विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिकांमधून घरोघर पोहोचलेल्या वाद्यांत तिचा नंबर फार वरचा आहे. तिचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे तो जरा निरखून ऐकावा. बोट एका जागेवरून दुसरीकडे सरकताना तारेवर होणारी चिरचिर, पिक तारेला लागते तेव्हाची बारीक टिचकी, खर्जाच्या तारेचा अंगावर येणारा घुमारा. सभागृहात दहाव्या रांगेत बसलेल्याला यातले जवळपास काहीच ऐकू येत नाही. हे सगळे ऐकायचे तर वाद्यापासून हातभर अंतरावर कान न्यावा लागेल, आणि तिथे आजवर कोणी श्रोता बसलेला नाही. तिथे बसतो तो माइक. माझे म्हणणे असे की अकूस्टिक गिटारचा ज्याला आपण ‘नैसर्गिक’ आवाज म्हणतो तो 1925 पूर्वी वाजवणाऱ्याखेरीज फारसा कोणाच्या वाट्याला आलेला नव्हता. तो माइकने आणि माइक ठेवणाऱ्यांनी घडवला. गिटारसाठी माइक निवडण्याचा इतिहास म्हणूनच अस्सल आवाज हुडकण्याचा इतिहास ठरत नाही. श्रोत्याला कुठे बसवायचे, याविषयी घेतलेल्या निर्णयांचा तो इतिहास आहे.

माइक नव्हता तेव्हा काय होते, हे आधी पाहू. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा. तिथून 1925 पर्यंत व्यापारी ध्वनिमुद्रण कर्ण्यावर चालले. वाद्यातून निघालेली हवेची थरथर कर्ण्यातून एका पातळ पडद्यावर जाई आणि त्याच थरथरीच्या बळावर सुई मेणात खाच पाडी. आवाज मोठा करायची कसलीही सोय नव्हती. जो मुळात मोठा, तोच उमटे. ध्वनिमुद्रक गेस्बर्गने 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेही याच पद्धतीने, कर्ण्याच्या तोंडाशी उभे करून. या यंत्रणेची झेप साधारण 250 ते 2500 हर्ट्‌झ एवढी होती. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे 82 हर्ट्‌झचा असतो, आणि टिचकीतली चमक 2500 च्या बरीच वर असते. म्हणजे वाद्याचे पाय आणि डोके दोन्ही कापले जाणार. बँजोचे तसे नव्हते. तिचा ताणलेल्या चामड्याचा टणत्कार नेमका कर्ण्याला मानवणाऱ्या पट्ट्यात पडे, आणि म्हणून त्या काळातले तारवाद्यांचे नामांकित वादक व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स हे बँजोवाले होते. व्हायोलिनसुद्धा कमी पडू लागले तेव्हा श्ट्रोने पेटीच्या जागी धातूचा कर्णा लावलेले व्हायोलिन काढले. ते दिसायला विचित्र होते, पण उमटायचे.

इथे पहिला आक्षेप येतो. कर्ण्यावरही गिटार मुद्रित झालीच होती की! झाली होती. निक ल्यूकसने 1922 मध्ये पाथे कंपनीसाठी गिटारचे दोन एकल तुकडे वाजवले. सिल्व्हेस्टर वीव्हरने 1923 मध्ये ओके कंपनीसाठी वाजवले. त्याआधीच हवाईयन गिटारची तर अमेरिकेत लाट आली होती. पण यातल्या कोणत्या गिटारी उमटल्या ते पाहण्यासारखे आहे. ल्यूकस पिकने जोरकस, सुट्या स्वरांची चाल वाजवतो. वीव्हर आणि हवाईयन वादक तारेवर धातू सरकवून लांब टिकणारा, मधल्या सप्तकातला स्वर काढतात. कर्ण्याला झेपेल तेवढीच गिटार त्याने घेतली. जाड तारांवर अंगठ्याने हळू चालणारे वादन त्याच्यापुढे टिकले नसते. हे पुरावे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाहीत. यंत्र वाद्याची निवड करत होते, एवढेच ते सांगतात.

1916 मध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ई. सी. वेंटे याने कंडेन्सर माइक बनवला. ताणलेला धातूचा पातळ पडदा आणि त्यामागे अगदी जवळ एक स्थिर पत्रा. पडदा हलला की दोहोंमधले विजेचे प्रमाण बदलते, आणि ती बारीक हालचाल व्हॅक्यूम ट्यूबने हवी तेवढी वाढवता येते. त्याच प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी विजेवर तबकडी कापण्याची यंत्रणा पक्की केली आणि 1925 मध्ये व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनी ती घेतली. खालची मर्यादा शंभर हर्ट्‌झच्या आसपास आली, वरची पाच हजारांपर्यंत गेली. आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी की आता मोठ्याने वाजवण्याची सक्ती संपली. दोनच वर्षांत त्याचा परिणाम दिसतो. 2 मे 1927 रोजी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने लंडनमध्ये एचएमव्हीसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले, आतड्याच्या तारांच्या, म्हणजे आजच्या मानाने आणखीच मऊ गिटारवर. त्याच उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस, व्हिक्टरचा राल्फ पीअर टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी यंत्रे घेऊन उतरला, टोप्यांच्या एका जुन्या दुकानाच्या इमारतीत भिंतींवर ब्लँकेटे टांगली आणि आसपासच्या डोंगराळ मुलखातल्या गवयांना बोलावले.

त्या गवयांत कार्टर कुटुंब होते आणि गिटारवर होती अठरा वर्षांची मेबल कार्टर. तिच्या हाताची ठेवण इथे जवळून पाहायला हवी. बहुतेक वादक चाल वाजवतात ती बारीक तारांवर. मेबल अंगठ्याने चाल खालच्या जाड तारांवर वाजवते आणि मधल्या मोकळ्या जागांत बोट वरच्या तारांवरून फिरवून ठेका भरते. चालही तिची आणि साथही तिची. आता हीच गोष्ट कर्ण्यासमोर ठेवून पाहा. चालीचे बहुतेक मूळ स्वर शंभर ते दोनशे हर्ट्‌झच्या आसपास पडतात. कर्णा ते गिळून टाकणार आणि उरणार ती फक्त वरची खरखर. म्हणजे साथ राहणार, चाल जाणार. अमेरिकन लोकसंगीतातल्या गिटारवादकांच्या पुढच्या कित्येक पिढ्या मेबलच्या अंगठ्याकडून शिकल्या, त्या तबकड्या ऐकूनच. माइक दोन वर्षे उशिरा आला असता तर त्या अंगठ्याची ख्याती मेसेस स्प्रिंग्ज या तिच्या गावच्या ओसऱ्यांवरच राहिली असती, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर वाद्यकारांचा पक्ष घेणारे म्हणतील की श्रेय माइकला कशाला, गिटार स्वतःच मोठी होत होती. ही गोष्ट खरी आहे आणि ती डावलण्यासारखी नाही. मार्टिनने 1916 मध्ये डिट्सन या दुकानासाठी रुंद, खोल पेटीची ड्रेडनॉट घडवली आणि 1931 पासून ती स्वतःच्या नावाने विकली. गिब्सनची एल-5 आली 1922 मध्ये, व्हायोलिनसारखी फुगीर पाठ आणि एफ आकाराची भोके घेऊन. 1927 मध्ये नॅशनल कंपनीने पेटीत ॲल्युमिनियमचे शंकू बसवले. 1932 च्या सुमारास रिकनबॅकरची विजेवरची गिटार बाजारात आली आणि तिथे पेटीची गरजच संपली. पण ही सगळी धडपड मंचासाठी होती, बँडमध्ये ऐकू येण्यासाठी होती. केवळ मोठेपणावर निकाल लागायचा असता तर ध्वनिमुद्रणातही शंकूवाल्या गिटारीच सर्वत्र दिसल्या असत्या. तसे झाले नाही. स्टुडिओत लहान पेटीच्या गिटारी टिकल्या; ड्रेडनॉट टिकली तीही तिच्या खर्जासाठी. सेगोव्हियाचे उदाहरण तर बोलके आहे. मंचावर ध्वनिवर्धक वापरायला त्याचा जन्मभर विरोध होता, गिटारचा रंग त्याने बिघडतो म्हणून. आणि तरीही जगातल्या ज्या लाखो लोकांनी त्याला ऐकले त्यांतल्या बहुतेकांनी माइकमधूनच ऐकले. त्याला मी ढोंग म्हणणार नाही. त्याचा राग ध्वनिवर्धकावर होता. तबकडीवरचा माइक त्याला वाद्याचा भाग वाटू लागला होता, इतका तो अंगवळणी पडला होता.

त्या पहिल्या काळात गवई-वादकाच्या वाट्याला माइक बहुधा एकच येई, आणि निवड म्हणजे माइकची निवड नसून बसण्याच्या जागेची निवड असे. तोंड किती दूर, पेटी किती दूर, मान किती वळलेली, यावरच आवाज आणि वाद्याचा तोल ठरे. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्याची उपलब्ध असलेली सगळी 29 गाणी दोनच खेपांत मुद्रित झाली: नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात आणि जून 1937 मध्ये डॅलसमध्ये. ध्वनिमुद्रण करणारा डॉन लॉ सांगे की इतर वादकांसमोर वाजवायला सांगितल्यावर जॉन्सन लाजून भिंतीकडे तोंड करून बसला. पुढे राय कूडर या गिटारवादकाने वेगळा तर्क मांडला: लाजबीज काही नाही, कोपऱ्याकडे तोंड केले की दोन भिंती आवाज परतवतात, मधले स्वर भरतात आणि गिटार धारदार होते, जॉन्सनला ते ठाऊक होते. लॉची हकीकत मुद्रणाच्या वेळची होती असे ठामपणे म्हणता येत नाही, त्यामुळे कूडरचा तर्क सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण एक वादक दुसऱ्या वादकाची तबकडी ऐकतो आणि त्याला बोटांच्या आधी खोली ऐकू येते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जे ऐकू येत होते ते जॉन्सन, गिटार, भिंत आणि माइक मिळून.

1930 च्या दशकात आरसीएचा रिबन माइक आला, हॅरी ओल्सनच्या हातचा, मॉडेल 44. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोंबणारी ॲल्युमिनियमची पातळ, चुण्या पाडलेली पट्टी, एवढेच त्याचे काळीज. तो पुढून आणि मागून सारखेच ऐकतो आणि बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. गाणाऱ्या गिटारवाल्यासाठी हा बहिरेपणा फार उपयोगी पडतो: माइकची बाजू तोंडाकडे केली की गळा त्यात कमी शिरतो आणि गिटार तेवढी उरते. त्याचा वरचा भाग मऊ, त्यामुळे टिचकी बोथट होते. ज्यांना गिटार मखमली हवी त्यांना तो आवडे आणि अजूनही आवडतो. युरोपात दुसऱ्या बाजूने काम चालले होते. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमानने 1928 मध्ये बाटलीएवढा कंडेन्सर माइक विक्रीला आणला, 1949 मध्ये यू 47 आणला, आणि 1966 मध्ये केएम 84 हा बोटभर जाडीचा छोटा माइक आला. या छोट्याच्या जन्माची गंमत अशी की नॉर्वेच्या रेडिओला माइकच्या तारेतूनच वीज पुरवायची होती, आणि त्यांच्या स्टुडिओत संकटकाळच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच वापरली गेली, आणि जगभरातल्या मिक्सरवर आज 48 हा जो आकडा दिसतो तो तिथून आला.

केएम 84 गिटारवाल्यांच्या गळ्यातला ताईत झाला याला कारण आहे. पडदा हलका असला की टिचकीसारखा क्षणिक आघात तो नेमका पकडतो. तारेचे वेटोळे वाहणारा डायनॅमिक माइक तिथे जड पडतो. शिवाय हा छोटा माइक समोरून ऐकतो तोच रंग तिरक्या बाजूनेही बराचसा टिकवतो. यू 47 सारख्या इंचभर पडद्याच्या माइकला ते तितकेसे जमत नाही. तरी माइक कितीही चांगला असला तरी तो गिटारच्या मधल्या गोल भोकासमोर ठेवला की फसलेच म्हणून समजा. पेटीतली हवा साधारण शंभर हर्ट्‌झला स्वतःच घुमते आणि ती हवा बाहेर पडते त्या भोकातून. त्यात एकाच दिशेने ऐकणारा माइक जवळ नेला की त्याचा स्वतःचा खर्ज आणखी फुगतो. दोन्ही मिळून मडक्यात बोलल्यासारखा आवाज येतो. म्हणून रेकॉर्डिस्ट माइक बाजूला सरकवतात, बाराव्या फ्रेटच्या आसपास, वीतभर ते हातभर अंतरावर, तोंड किंचित पेटीकडे. ही जागा कोणत्या ग्रंथात आधी लिहून ठेवलेली नव्हती. ती हात फिरवून, कान लावून सापडली, आणि आता ती इतकी रूढ आहे की तिथून ऐकू येणाऱ्या गिटारलाच लोक खरी गिटार समजतात.

मोजमापवाले इथे हरकत घेतील. सरळ आलेख देणारा, काही भर न घालणारा माइक म्हणजे सत्य माइक, उरलेली आवडनिवड. ही हरकत दिसते तितकी भक्कम नाही, कारण ती माइकविषयी खरी असली तरी गिटारविषयी खरी नाही. गिटारमधून निघणारे खालचे स्वर चहूकडे बरेचसे सारखे पसरतात, पण वरचे स्वर झोतासारखे वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि प्रत्येक स्वराचा झोत वेगळा. घोडीसमोर एक गिटार ऐकू येते, मानेसमोर दुसरी, आणि वाजवणाऱ्याच्या कानाला, जो पेटीच्या वर आणि मागे आहे, तिसरीच. यांतली कोणती खरी? कोणत्याही एका बिंदूवर सगळी गिटार नसते. सरळ आलेखाचा माइक त्या बिंदूचे प्रामाणिक वर्णन करील. पण बिंदू कोणता, हे त्याने ठरवलेले नाही, माणसाने ठरवले आहे. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तर दुसरे टोक गाठले. 1968 मध्ये त्याने अकूस्टिक गिटार फिलिप्सच्या कॅसेट रेकॉर्डरच्या साध्या माइकवर मुद्दाम फाटेपर्यंत वाजवली आणि ते मुद्रण स्टुडिओत पुन्हा वाजवून ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’साठी वापरले. मोजणी केली तर हा माइक नापासच. त्या गाण्यात मात्र दुसऱ्या कोणत्या माइकने काम भागले असते असे वाटत नाही.

अंतर वाढवणारी परंपराही होती, आणि ती अधिक ‘नैसर्गिक’ असल्याचा दावा ठासून केला जातो. गिटारवादक ज्युलियन ब्रीम आपल्या अनेक ध्वनिमुद्रिकांसाठी विल्टशरमधल्या वॉर्डर कासलच्या चॅपेलमध्ये जाई, कारण त्याला स्वराभोवती दगडी इमारतीची हवा हवी होती. अभियंता ॲलन ब्लुमलाइनने 1931 च्या पेटंटमध्ये मांडलेली जोडी, म्हणजे पुढे-मागे ऐकणारे दोन माइक एकावर एक, काटकोनात, हीही याच परंपरेतली. तिचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. 1992 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर समोरासमोर बसले. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, डुंबेक या तालवाद्यावर कूडरचा किशोरवयीन मुलगा. ध्वनिमुद्रण करणारे कवीचंद्रन अलेक्झांडर यांनी टिम डी पॅराविचिनीने बनवलेल्या ट्यूब माइकची ब्लुमलाइन जोडी लावली. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने निघालेल्या त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले. भट्टांची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या तारा चढवलेली गिटारच. माइक हातभर अंतरावर आणला असता तर तारेवर घासणारी पोलादी कांडी आधी ऐकू आली असती; इथे मींड संपल्यावर तरफा कशा उमलतात ते ऐकू येते. मला हे मुद्रण अतिशय आवडते. पण ते नैसर्गिक म्हणून नव्हे. गिटारसाठी मोकळे चॅपेल शोधणे, वादकांना माइकभोवती ठरवून बसवणे, श्रोत्यांना बाहेर ठेवणे, यात निसर्ग कुठे आला? तीही निवडच, फक्त लांबून केलेली.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आणि वादकांच्या तोंडचा: सगळे हातात असते, माइकची चर्चा रिकामटेकड्यांची. पण हात माइकपासून अलिप्त राहिलेला नाही. जुलै 1958 मध्ये रिओच्या ओदेऑन स्टुडिओत ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो ‘शेगा जी साउदाजी’ मुद्रित करायला गेला आणि त्याने दोन माइक मागितले, एक गळ्यासाठी, एक गिटारसाठी. तिथे अशी मागणी कोणी करत नसे, आणि ती नखऱ्यात जमा झाली. पण तो बोलण्याइतक्याच आवाजात गात होता; सांबातल्या ढोलाचा ठेका त्याने अंगठ्यावर घेतला होता, बाकीची बोटे त्या ठेक्याच्या किंचित पुढेमागे स्वर टाकत होती आणि गळा आणखी तिसऱ्याच वेळेला पडत होता. एका माइकवर हे तीन काळ एकमेकांत मिसळून गेले असते. असे वादन सभागृहाच्या धाकाने वाढलेल्या हाताला सुचलेच नसते. मोठ्याने वाजवायचे नाही हे ठरल्यावरच अंगठा आणि बोटे अशी वेगळी होऊ शकली. जिल्बेर्तोला दोन्ही माइक मिळाले.